डिस्कस मासा आणि विहिरीचें पाणी

शेतकीच्या मासिकांत कांचेच्या टाकींतील शोभेच्या माशावर लेख कशाला, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. त्यास उत्तर इतकेंच कीं, जमीन, खत व विहिरीचें पाणी यांविषयीं जें ज्ञान आपणांस शेतांत लागतें, तेंच या टाकींतही लागतें. तें नसल्यास होणारें नुकसान शेतांत हंगाम सरल्यावर दिसतें, टाकींत आठ दिवसांत दिसतें. प्रस्तुत लेखकानें हें नुकसान स्वतः सोसलें आहे. घरच्या ३०० लिटरच्या टाकींत मोठ्या हौसेनें सोडलेल्या सहा डिस्कस माशांपैकीं चार त्याच्या अज्ञानामुळें मेले. तें अज्ञान कोणतें, हें सांगण्यासाठींच हा लेख आहे.

डिस्कस हा दक्षिण अमेरिकेंतील अमॅझॉन नदीच्या खोऱ्यांतला मासा. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ योहान याकोब हेकेल यानें १८४० सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. अंग ताटलीसारखें वाटोळें व चपटें. पूर्ण वाढलेला मासा वीतभर भरतो. कूळ आपल्याकडील तळ्यांत शिरलेल्या तिलापियाचेंच. याची पिलें पहिले कांहीं दिवस आईबापांच्या अंगावरील चिकट स्रावावर पोसलीं जातात, हें याचें मोठें वैशिष्ट्य. हेकेलचा मासा ज्या रिओ नेग्रो नदींत राहतो, तिचें पाणी कुजलेल्या पाल्याच्या अर्कामुळें कोऱ्या चहासारखें दिसतें. तें उबदार असतें, त्याचा सामू ४ ते ५ च्या आसपास असतो, व त्यांत क्षार जवळजवळ नसतातच.

आतां आपल्या विहिरीकडे पाहूं. दख्खनच्या काळ्या पाषाणांतून झिरपलेलें पाणी चुना व मॅग्नेशियम यांचीं बायकार्बोनेटें घेऊन येतें. पाणी तापविण्याच्या भांड्यांत जो पांढरा थर बसतो, तो याचाच. असें पाणी बहुधा जड असतें आणि सामू ७ च्या वर असतो. येथें दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. सामू म्हणजे पाणी आज किती आंबट वा खारट-तुरट आहे याचें माप. तो एका अंकानें उतरला कीं आम्लता दसपट होते. बायकार्बोनेट म्हणजे ती आम्लता पोटांत घालून सामू जागच्या जागीं धरून ठेवणारी पुंजी. चुनखडीच्या जमिनींत थोडेंसें गंधक घालून सामू उतरत नाहीं, हा अनुभव ज्यांस आहे त्यांस हें अधिक सांगावयास नको.

लेखकास हा भेद कळला नव्हता. पुस्तकांत सामू ६.५ वाचला, आणि तो रोज सायंकाळीं टाकींत थोडें आम्ल घालूं लागला. आम्ल पडतांच सामू ६.८ वर येई. परंतु आम्लानें बायकार्बोनेटाचा कांहीं भागच खर्ची पडे व त्यांतून कर्बवायु सुटे. रात्रभर हवेच्या पंपानें तो वायु उडून गेला कीं उरलेलें बायकार्बोनेट सामूस पुन्हां वर ओढी, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं मापन ८.२ दाखवी. मासे काळवंडले, कोपऱ्यांत जमले व पर अंगाशीं मिटूं लागले. लेखकानें आणखी आम्ल घातलें. नवव्या दिवसापर्यंत चार मासे गेले.

खरें विष आम्लाचें नव्हतें. माशांच्या श्वासावाटे व उरलेलें खाद्य कुजून पाण्यांत अमोनिया उतरतो. जमिनींत कच्च्या शेणखताचा अमोनिया सूक्ष्म जंतु नायट्राइटांत व पुढें नायट्रेटांत पालटतात. रशियन शास्त्रज्ञ विनोग्रॅडस्की यानें १८९० च्या सुमारास हे जंतु वेगळे करून दाखविले. टाकीच्या गाळणींतही हेच काम चालतें. परंतु नव्या गाळणींत जंतूंची वस्ती होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. लेखकानें टाकी भरली आणि दुसऱ्याच दिवशीं मासे सोडले. म्हणजे न कुजलेल्या खतांत रोप लावलें.

त्यांतही सामूचा खेळ असा कीं, पाण्यांतील अमोनियाचीं दोन रूपें असतात, एक विषारी व एक बरेंचसें निरुपद्रवी. २८ अंश सेल्सिअस उष्णतेंत सामू ७ असतां एकूण अमोनियाचा शेंकडा पाऊण भागही विषारी नसतो; ८.२ असतां शेंकडा १० भाग विषारी होतो. सायंकाळच्या ६.८ पासून दुपारच्या ८.२ पर्यंत तेंच पाणी वीसपटीहून अधिक जहरी होत होतें. ज्यास आपण औषध समजत होतों, त्यानेंच माशांस रोजच्या रोज हा हेलकावा दिला.

या धड्यानंतर लेखकानें दुसऱ्या टोकाची चूक केली. विहिरीचें पाणी अजिबात वर्ज्य करून टाकी पावसाच्या साठविलेल्या पाण्यावर चालविली. अमोनियाचें नायट्रेट होतांना आम्ल तयार होतें व तें बायकार्बोनेट खातें. पावसाच्या पाण्यांत तें मुळांतच नसतें. एके दिवशीं पहांटे सामू ५ च्या खालीं गेलेला आढळला व उरलेले दोन मासे तळाशीं पडलेले दिसले. अशा वेळीं घाईनें सोडा ओतूं नये. आम्ल पाण्यांत जंतूंचें काम मंदावलेलें असतें व निरुपद्रवी रूपांतला अमोनिया साठलेला असतो; सामू एकदम चढविला तर तोच विषारी होतो. आधीं थोडें थोडें पाणी बदलून अमोनिया कमी करावा, मग दोन-तीन दिवसांत खाण्याचा सोडा अल्प प्रमाणांत द्यावा. १०० लिटर पाण्यास ३ ग्रॅम सोड्यानें बायकार्बोनेट सुमारें एक जर्मन अंश वाढतें. अशा रीतीनें ते दोन मासे वांचले.

आतां हिशेब सांगतों. माती व पाणी परीक्षणाच्या प्रयोगशाळेंत ओलिताचें पाणी आपण तपासून घेतोंच. त्या पत्रकांत बायकार्बोनेटाचा आंकडा लिटरास मिलिइक्विव्हॅलंट या मापांत असतो, त्यास २.८ नें गुणिलें कीं जर्मन अंश मिळतात. विहिरीचा आंकडा ६ असेल तर अंश १६.८ झाले. एक भाग विहिरीचें व तीन भाग पावसाचें पाणी मिसळल्यास ते ४.२ वर येतात. वाढत्या डिस्कसास एवढें पुरेसें आहे. हल्लींचे मासे बहुतेक टाकींत पैदा झालेले असल्यामुळें ते ७ च्या आसपासचा स्थिर सामू निमूटपणें सोसतात. अगदीं मृदु पाणी लागतें तें अंडीं फळण्यासाठीं. पावसाचें पाणी धरावयाचें तर पहिल्या सरींनीं छप्पर धुऊन जाऊं द्यावें, आणि जस्ती पत्र्यावरचें धरूं नये. मृदु पाण्यांत जस्त माशांस बाधतें. पाऊस नसेल तेव्हां आर.ओ. यंत्राचें पाणी तेंच काम करतें. देशी बदामाचीं वाळलेलीं पानें टाकल्यास पाण्यास नदीसारखा रंग व किंचित् आम्लता येते, परंतु जड पाण्यास तीं मृदु करीत नाहींत.

टाकींत वनस्पति असल्यास त्यांचाही विचार हवा. त्या अमोनिया व नायट्रेट खातात, हा मोठा लाभ. दिवसा त्या कर्बवायु शोषतात म्हणून सामू चढतो, रात्रीं सोडतात म्हणून उतरतो. कर्बवायु कमी पडला तर व्हॅलिसनेरिया तर बायकार्बोनेटांतूनच कर्ब काढते. जोमदार वाढीसाठीं नळीनें कर्बवायु देण्याची चाल आहे. बायकार्बोनेट ४ अंश असतां सामू ७ म्हणजे लिटरास सुमारें १२ मिलिग्रॅम कर्बवायु, आणि ६.६ म्हणजे सुमारें ३०. डिस्कसाच्या टाकींत ३० पर्यंत जाऊं नये. कारण त्यास २८ ते ३० अंशांचें ऊन पाणी लागतें, आणि ३० अंशांच्या पाण्यांत प्राणवायु लिटरास साडेसात मिलिग्रॅमच मावतो, २० अंशांत तो ९ मिलिग्रॅम मावतो. रात्रीं वायु बंद ठेवावा व पाणी खळबळतें राखावें. हा खटाटोप नको असेल तर ॲन्युबियास, जावा फर्न व ॲमॅझॉन सोर्ड हीं झाडें वायूवांचूनही तग धरतात.

नित्याचा क्रम थोडक्यांत असा. मासे आणण्यापूर्वीं गाळणी पिकवावी, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्यावांचून मासा सोडूं नये. दर आठवड्यास तिसरा हिस्सा ते निम्मे पाणी बदलावें. तें त्याच उष्णतेचें व त्याच मिश्रणाचें असावें. नायट्रेट लिटरास २० मिलिग्रॅमच्या आंत राखावें. गाळणी टाकीच्याच पाण्यांत हलकेंच धुवावी; नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्यानें जंतु मरतात. सामू, बायकार्बोनेट, अमोनिया व नायट्रेट यांचे आंकडे तारखेनिशीं वहींत लिहावे.

ज्यांच्या शेतांत मत्स्यपालनाचें तळें आहे, त्यांनीं हीच वही तळ्यासाठीं ठेवावी. दुपारीं सामू कां चढतो, पहांटे मासे वर येऊन तोंड कां वासतात, जादा खाद्य टाकल्यावर ते कां मरतात, याचीं कारणें तींच आहेत. केवळ पाणी अधिक असल्यामुळें तीं उशिरां दिसतात. लेखकास हें शहाणपण चार माशांच्या मोलानें मिळालें. वाचकांस तें मोल द्यावें लागूं नये, एवढीच इच्छा.