रानकांदा : ओळख आणि सावधगिरी

चैत्र-वैशाखात माळावरील गवत करपून गेलेले असते. अशा वेळी कोकण-गोमंतकातील उघड्या टेकडीवर, खडकाळ माळावर किंवा समुद्रकाठच्या वाळूत एखादा पर्णहीन दांडा जमिनीतून सरळ वर आलेला दिसतो. त्यावर विरळ अंतराने मळकट हिरवट-तपकिरी फुले खाली झुकलेली असतात. हाच रानकांदा. यास कोळकांदा असेही म्हणतात. संस्कृतात तो वनपलांडू होय.

प्रथम फूल व मागाहून पान, असा या वनस्पतीचा क्रम आहे. पावसाळ्यात लांब, चपट्या पानांचा झुबका उगवतो आणि पाने तयार केलेले अन्न कंदात साठविले जाते. पुढे पाने वाळून जातात. उन्हाळ्यातील फुलोरा याच साठ्यावर पोसला जातो. जेथे मातीचा थर पातळ व पाणी टिकत नाही, तेथेही रानकांदा तग धरतो तो यामुळेच.

नाव कांद्याचे असले तरी ही वनस्पती कांद्याच्या प्रजातीतील नाही. रॉक्सबर्ग यांच्या १८३२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिची नोंद सिला या प्रजातीत आहे. १९७७ साली ती ड्रिमिया प्रजातीत घेण्यात आली. वनस्पतिशास्त्रज्ञांचा हा प्रश्न ग्रामस्थांना दूरचा वाटेल, परंतु घोटाळा नेमका येथेच होतो. खणून काढलेला पांढरट, पापुद्र्यांचा कंद हुबेहूब कांद्यासारखा दिसतो. मात्र कापल्यावर त्यास कांद्याचा वास येत नाही व त्याचा रस अंगास लागल्यास खाज सुटते. चव घेऊन परीक्षा करणे सर्वथा अयोग्य होय.

या कंदात हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये आहेत. कफ सुटण्यासाठी व लघवी साफ होण्यासाठी अल्प मात्रेत त्याचा औषधी उपयोग होत आला आहे. मात्रा वाढताच तेच विष ठरते. मळमळ, उलट्या, जुलाब होतात, नाडी मंदावते व अनियमित होते. घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास, कंदाच्या उरलेल्या तुकड्यासह, जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे.

विषारी म्हणून रानकांदा उपटून टाकण्याचे मात्र कारण नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तो जागेवरच दाखवावा, वैशाखात फुलोरा व श्रावणात पाने. एकदाच पाहिल्यास दोन्ही एकाच कंदाची आहेत हे ध्यानी येत नाही. किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांना २०११ च्या किनारी क्षेत्र अधिसूचनेने संवेदनशील क्षेत्रात स्थान दिले आहे. तेथील वाळू उपसली गेल्यास तीत रुजलेले कंदही जातात.