गरोदरपणातील आहार : भीती आणि खरी काळजी

गरोदर स्त्रीला घरातून पहिली ताकीद मिळते ती बहुधा पपईची, आणि ती अर्धीच खरी आहे. कच्च्या पपईच्या चिकात पपेन हे प्रथिनांचे विघटन करणारे विकर असते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, उंदरांवरील एका अभ्यासात या चिकाने गर्भाशयाचे आकुंचन झाले, पिकलेल्या फळाच्या रसाने मात्र झाले नाही. म्हणून कच्ची पपई टाळणे योग्यच, परंतु पिकलेल्या पपईची फोड खाल्ली म्हणून रात्रभर जीव टांगणीला लावण्याचे कारण नाही.

त्याहून गंभीर, तरीही क्वचितच चर्चेत येणारा धोका लिस्टेरिया या जिवाणूचा आहे. थंडीत बहुतेक जंतूंची वाढ खुंटते, हा मात्र फ्रिजमधील ४ अंश सेल्सिअसलाही वाढत राहतो, आणि आईला किरकोळ तापच आला तरी वारेतून गर्भापर्यंत पोहोचून गर्भपात घडवू शकतो. उष्णतेने तो मरतो, त्यामुळे दूध उकळूनच घेण्याची आपल्याकडची रीत येथे फार मोलाची ठरते. उरलेली आमटीही चांगली वाफ येईपर्यंत तापवावी. मातीतून किंवा अर्धकच्च्या मांसातून येणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीसाठी कोथिंबीर-मेथी नीट धुवावी आणि मटण पूर्ण शिजवावे.

मासे मात्र सरसकट वर्ज्य करू नयेत; मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, मांसात पारा साठतो, बांगडा-तारलीत तो कमी असतो. भीतीपोटी ताट रिकामे होत जाणे हाही धोकाच आहे, कारण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे.