सेवानिवृत्ती आणि आरोग्यविमा : पूरक संरक्षणाची निवड

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. एकूण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ८.६ टक्के होते आणि ते सातत्याने वाढत आहे. दुसरीकडे, राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चात कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत खाली आला. ही घट स्वागतार्ह असली तरी दर शंभर रुपयांपैकी जवळजवळ चाळीस रुपये आजही रुग्णाचे कुटुंबच मोजते, हे विसरता येत नाही. कमावत्या वयात असा खर्च पुढील वर्षांच्या उत्पन्नातून भरून काढता येतो. सेवानिवृत्तीनंतर मात्र तो आयुष्यभराच्या बचतीतून वजा होतो आणि ती बचत पुन्हा उभी राहत नाही. म्हणूनच निवृत्तीच्या उंबरठ्यावर मूळ आरोग्यविम्याला पूरक संरक्षण कोणते घ्यावे, हा प्रश्न सामाजिक सुरक्षेच्या अभ्यासात महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची आर्थिक पार्श्वभूमी, उपलब्ध व्यवस्था आणि निवडीचे निकष यांचा क्रमाने विचार केला आहे.

माहितीची विषमता आणि वृद्धांचा विमा

वृद्धांना आरोग्यविमा महाग का पडतो, याचे एक उत्तर त्यांना आजार अधिक होतात, हे आहे. परंतु एवढेच कारण असते, तर अधिक हप्ता आकारून बाजारपेठेने हा प्रश्न सोडवला असता. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचे अधिक खोल विश्लेषण केले. जुन्या मोटारींच्या बाजाराविषयीच्या या निबंधातच त्याने ६५ वर्षांवरील व्यक्तींना आरोग्यविमा मिळण्यात येणाऱ्या अडचणींचे उदाहरण घेतले आहे. आपल्या प्रकृतीची खरी कल्पना ग्राहकाला असते, विमा कंपनीला ती तितकीशी नसते. कंपनीने सरासरी जोखमीनुसार हप्ता ठरवला की तो निरोगी व्यक्तीला महाग वाटतो व ती बाहेर पडते. उरलेल्या गटाची सरासरी जोखीम वाढते, त्यामुळे हप्ता पुन्हा वाढतो आणि आणखी काही जण बाहेर पडतात. या प्रक्रियेला प्रतिकूल निवड असे म्हणतात. माहितीच्या विषमतेवरील या संशोधनासाठी अकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत २००१ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार देण्यात आला.

याच्या जोडीला नैतिक जोखमीचा प्रश्न असतो. खर्च दुसरा कोणी देणार असेल, तर रुग्ण व रुग्णालय दोघेही खर्चाबाबत कमी काटकसरी होण्याची शक्यता असते. विमापत्रातील ज्या अटी ग्राहकाला जाचक वाटतात, त्यांपैकी बहुतेकांचा उगम या दोन संकल्पनांत आहे. प्रतीक्षा काळ हा प्रतिकूल निवडीवरील, तर को-पेमेंट व खोलीभाड्याची मर्यादा हे प्रामुख्याने नैतिक जोखमीवरील उपाय आहेत. हे ध्यानात घेतल्यास विमापत्र वाचणे सोपे जाते.

भारतातील मूळ संरक्षणाचे प्रकार

पूरक विमा हा कशाला तरी पूरक असतो. त्यामुळे आपल्याकडे मूळ संरक्षण कोणते आहे, हे प्रथम पाहणे आवश्यक आहे. भारतात त्याचे ढोबळमानाने चार प्रकार आढळतात.

पहिला प्रकार शासकीय सेवकांसाठीच्या योजनांचा. केंद्र सरकारी आरोग्य योजना १९५४ मध्ये दिल्लीत सुरू झाली. निवृत्तिवेतनधारकांना वार्षिक वर्गणी अथवा दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरून तिचा लाभ घेता येतो; एकरकमी वर्गणी भरल्यास आजीवन सदस्यत्व मिळते. माजी सैनिकांसाठीची अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून अमलात आली. दुसरा प्रकार सामाजिक विम्याचा. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याखालील योजना फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. तिच्याखाली किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त होणाऱ्या कामगाराला नाममात्र वार्षिक वर्गणीवर स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. या तरतुदीची माहिती अनेक कामगारांपर्यंत पोहोचत नाही, ही खेदाची बाब आहे.

तिसरा प्रकार नियोक्त्याने घेतलेल्या सामूहिक विम्याचा. त्यात पूर्वीपासूनच्या आजारांनाही बहुधा पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते. परंतु ते नोकरीशी बांधलेले असल्याने, निवृत्तांसाठी वेगळी व्यवस्था नसेल, तर नोकरी संपताच संपुष्टात येते. बँकांनी २०१५ च्या द्विपक्षीय करारानंतर निवृत्त कर्मचाऱ्यांसाठीही सामूहिक विमापत्राची सोय केली, पण त्याचा हप्ता निवृत्तांनी भरावयाचा असतो. चौथा प्रकार वैयक्तिक विमापत्राचा. सार्वजनिक क्षेत्रातील सर्वसाधारण विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये आणलेल्या ‘मेडिक्लेम’पासून त्याची सुरुवात झाली. १९९९ च्या कायद्यानंतर हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले.

सत्तरीनंतरचे संरक्षण आणि दहा वर्षांची दरी

सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा विस्तार २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांपर्यंत करण्यात आला. यात उत्पन्नाची अट नाही. आयुष्मान वय वंदना कार्डधारकांच्या कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. पूर्वीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून समाविष्ट असतात. खासगी विमा किंवा कर्मचारी राज्य विमा असणारेही पात्र आहेत. केंद्र सरकारी आरोग्य योजना वा माजी सैनिकांची योजना यांच्या लाभार्थ्यांना मात्र दोहोंपैकी एकीची निवड करावी लागते. ही पाच लाखांची रक्कम कुटुंबागणिक असल्याने पती व पत्नी दोघेही सत्तरीपुढील असतील, तर ती दोघांत वाटली जाते. शिवाय या योजनेतील उपचार संलग्न रुग्णालयांत ठरावीक दरांच्या संचांनुसार होतात. म्हणून एकाच बिलाचा काही भाग ही योजना व उरलेला भाग खासगी विमापत्र देईल, असे गृहीत धरून नियोजन करू नये.

यातून एक दरी स्पष्ट होते. साधारणतः ५८ ते ६० व्या वर्षी नियोक्त्याचे संरक्षण संपते आणि सार्वत्रिक सार्वजनिक संरक्षण ७० व्या वर्षी सुरू होते. मधल्या दहा-बारा वर्षांत गरीब कुटुंबांना जन आरोग्य योजनेचा व शासकीय निवृत्तांना त्यांच्या योजनांचा आधार असतो. खासगी क्षेत्रातून निवृत्त झालेला मध्यम उत्पन्नाचा माणूस, छोटा दुकानदार, कंत्राटी कर्मचारी यांना मात्र बाजारावरच अवलंबून राहावे लागते आणि बाजार त्यांना नेमक्या याच वयात महाग पडतो. पूरक विम्याचे खरे प्रयोजन या वर्गासाठी आहे.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप

पूरक विम्याचे सर्वाधिक प्रचलित रूप म्हणजे टॉप-अप विमापत्र. ठरावीक वजावट रक्कम, म्हणजे डिडक्टिबल, ओलांडल्यानंतरच त्याचे दायित्व सुरू होते. लहान खर्च वगळलेले असल्याने तेवढ्याच विमा रकमेच्या मूळ विमापत्रापेक्षा त्याचा हप्ता बराच कमी असतो. यात दोन उपप्रकार आहेत. साध्या टॉप-अपमध्ये वजावट प्रत्येक दाव्याला स्वतंत्रपणे लागू होते, तर सुपर टॉप-अपमध्ये ती संपूर्ण विमावर्षातील एकत्रित खर्चाला लागू होते.

समजा, एका व्यक्तीचा मूळ विमा पाच लाख रुपयांचा आहे आणि पूरक विमापत्राची वजावटही पाच लाख रुपये आहे. एकाच विमावर्षात तिला दोनदा रुग्णालयात दाखल व्हावे लागले. पहिले बिल चार लाख, दुसरे तीन लाख रुपये झाले. मूळ विमा पहिल्या वेळी चार व दुसऱ्या वेळी एक लाख देऊन संपतो. उरलेल्या दोन लाखांबाबत साधे टॉप-अप काहीही देणार नाही, कारण दोहोंपैकी एकही बिल पाच लाखांवर गेलेले नाही. सुपर टॉप-अप एकूण सात लाखांतून वजावट धरून उरलेले दोन लाख देईल. नऊ लाखांचे एकच बिल आले असते, तर दोन्ही प्रकारांत चार लाख मिळाले असते. उतारवयात एकाच आजारासाठी वारंवार दाखल होण्याची शक्यता अधिक असल्याने ज्येष्ठांसाठी सुपर टॉप-अप हा सामान्यतः अधिक योग्य पर्याय ठरतो. मूळ विमा नसला तरी असे विमापत्र घेता येते. मात्र वजावटीइतकी रक्कम स्वतःजवळ राखून ठेवावी लागते.

गंभीर आजार विमापत्र आणि रुग्णालय दैनिक भत्ता हे पूरक विम्याचे दुसऱ्या जातीचे प्रकार आहेत. त्यांत बिलाची भरपाई नसून ठरलेली रक्कम मिळते. घरातील शुश्रूषा, प्रवास अशा आनुषंगिक खर्चाला ती उपयोगी पडते, परंतु मोठ्या बिलापासून ती पुरेसे संरक्षण देत नाही. म्हणून ही विमापत्रे भरपाईच्या विम्याला पर्याय समजू नयेत.

अटींचे वाचन

विमा रकमेच्या आकड्यापेक्षा अटींचा परिणाम कित्येकदा मोठा असतो. विमा नियामकाने २०२४ मध्ये केलेल्या बदलांनुसार पूर्वीपासूनच्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षा काळ ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणण्यात आला. सलग ६० महिने विमा चालू राहिल्यानंतर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. विमा रक्कम वाढवल्यास वाढीव भागापुरती ही मुदत नव्याने मोजली जाते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, ५५ व्या वर्षी नोकरीत असतानाच सुपर टॉप-अप घेतले, तर प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ५८ व्या वर्षी संपतो आणि ६० व्या वर्षी ती व्यक्ती पूर्ण संरक्षणासह निवृत्त होते. तेच विमापत्र ६० व्या वर्षी घेतल्यास पहिली काही वर्षे मधुमेह वा हृदयविकारासारख्या जुन्या आजारांबाबत ते निरुपयोगी ठरू शकते.

को-पेमेंटची अट ज्येष्ठांच्या विमापत्रांत वारंवार आढळते. २० टक्के को-पेमेंट असल्यास चार लाखांच्या मान्य बिलातील ८० हजार रुपये विमाधारकाने भरावयाचे असतात. खोलीभाड्याच्या मर्यादेचा परिणाम याहून फसवा असतो. मर्यादा दिवसाला ५,००० रुपये असताना ८,००० रुपयांची खोली घेतली, तर केवळ भाड्यातील फरकच नव्हे, तर डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचा खर्च असे संलग्न खर्चही पाच-अष्टमांश प्रमाणातच मान्य होऊ शकतात. असे खर्च दोन लाख असतील, तर १ लाख २५ हजार रुपयेच मिळतात. औषधे, रोपणसाहित्य व तपासण्या यांना अशी प्रमाणशीर कपात लागू होत नाही.

हप्त्याबाबतही काही निर्णय ध्यानात ठेवावेत. जानेवारी २०२५ मध्ये नियामकाने ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवण्यापूर्वी आपला सल्ला घेण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला. दावा नाकारल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे व नंतर २०१७ च्या नियमांखालील विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

निवडीचा क्रम

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे मांडता येईल. प्रथम, निवृत्तीनंतर कोणते मूळ संरक्षण शिल्लक राहणार आहे, याची नियोक्त्याकडून लेखी खातरजमा करावी. सामूहिक विमापत्र संपणार असेल, तर त्याच कंपनीच्या वैयक्तिक विमापत्रात स्थलांतर करून प्रतीक्षा काळाचे श्रेय टिकवता येते का, हे मुदत संपण्याआधी पाहावे. दुसरे, मूळ विम्याच्या रकमेइतकी वजावट असलेले सुपर टॉप-अप निवृत्तीपूर्वी किमान तीन वर्षे घ्यावे. तिसरे, प्रकृतीविषयीची सर्व माहिती प्रस्तावात खरी व पूर्ण द्यावी. हप्ता थोडा वाढला तरी दाव्याच्या वेळचा वाद टळतो. चौथे, को-पेमेंट व खोलीभाड्याची अट नसलेले कमी रकमेचे विमापत्र हे अशा अटी असलेल्या मोठ्या रकमेच्या विमापत्रापेक्षा कित्येकदा सरस असते, हे गणिताने ताडून पाहावे. पाचवे, बाह्यरुग्ण तपासण्या व नित्याची औषधे बहुतेक विमापत्रांच्या कक्षेबाहेर असल्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र राखीव निधी ठेवावा. जनऔषधी केंद्रांतील जेनेरिक औषधांमुळे हा भार बराच हलका होऊ शकतो.

अर्थात वैयक्तिक शहाणपणाला मर्यादा आहेत. पन्नाशीत हप्ता भरण्याची ऐपत नसलेल्या शेतमजुराला किंवा घरकामगार स्त्रीला हा सल्ला अपुरा आहे. प्रतिकूल निवडीचा प्रश्न निरोगी व आजारी, तरुण व वृद्ध यांना एकाच व्यापक गटात आणल्यानेच सौम्य होतो आणि असा गट बाजारापेक्षा शासनसंस्थाच अधिक परिणामकारकपणे उभारू शकते. सत्तरीवरील सर्वांना सामावून घेऊन भारताने या दिशेने महत्त्वाचे पाऊल टाकले आहे. साठ ते सत्तर या दशकातील दरी अंशदायी तत्त्वावर कशी भरून काढता येईल आणि संलग्न रुग्णालयांचे जाळे तालुका पातळीपर्यंत कसे पोहोचेल, हे यापुढील धोरणाचे खरे आव्हान आहे.