समुद्री पिंजरा मत्स्यपालन : जिताड्याच्या पिलांना प्रथिने किती व का लागतात?

प्रस्तावना

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून समुद्रात पिंजरे उभारण्यासाठी अर्थसाहाय्य मिळते. मात्र पिंजरा उभा राहिल्यावर रोजचा मोठा खर्च असतो तो खाद्याचा. मांसाहारी समुद्री माशांच्या पालनात चालू खर्चाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग खाद्यावर जातो. त्यामुळे अनेक लाभार्थी बीज सोडल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांतच स्वस्त खाद्याकडे वळतात. याच काळात पिलांची प्रथिनांची गरज सर्वांत जास्त असते. येथे झालेली चूक पुढे भरून काढता येत नाही. म्हणून खाद्य विकत घेण्यापूर्वी ही माहिती वाचावी.

उदाहरण म्हणून येथे जिताडा हा मासा घेतला आहे. गोव्यात त्याला चोणक म्हणतात. रायगड जिल्ह्यातील खार जमिनींच्या तळ्यांत तो पूर्वीपासून वाढवला जातो. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेने 1997 मध्ये जिताड्याचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले आणि तेव्हापासून त्याचे बीज हॅचरीतून मिळू लागले. कोबिया (2010) आणि सिल्व्हर पॉम्पानो (2011) या माशांचे बीज केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने तमिळनाडूतील मंडपम केंद्रात तयार केले. खाली दिलेली तत्त्वे या माशांनाही लागू पडतात.

पिलांना जास्त प्रथिने का लागतात?

• वाढ म्हणजे मांस तयार होणे आणि मांस प्रथिनांपासून बनते. 2 ग्रॅमचे बोटुकले 20 ग्रॅमचे होते तेव्हा त्याचे शरीर दहापट वाढलेले असते. मोठ्या माशाच्या वाढीचा वेग त्या मानाने कमी असतो.
• जिताडा मांसाहारी आहे. रोहू, कटला यांच्याप्रमाणे तो पिठूळ पदार्थांतून पुरेशी ऊर्जा घेऊ शकत नाही. ऊर्जेसाठीही तो प्रथिने व चरबी वापरतो.
• माशाच्या शरीरात प्रथिनांचा वेगळा साठा होत नाही. आज कमी पडलेली प्रथिने उद्या जास्त देऊन भरून निघत नाहीत.

प्रथिनांचे प्रमाण किती असावे?

• जिताड्याची बोटुकली : खाद्यात 45 ते 50 टक्के प्रथिने, सोबत 10 ते 15 टक्के चरबी
• कोबियाची लहान पिले : सुमारे 45 टक्के
• विक्रीच्या आकाराकडे जाणारा जिताडा : 40 ते 45 टक्के
• तुलनेसाठी, गोड्या पाण्यातील रोहू व कटला : 25 ते 30 टक्के

यावरून लक्षात येईल की, तळ्यातील रोहूसाठीचे खाद्य जिताड्याच्या पिलांना देऊन चालत नाही. ते स्वस्त असते, पण त्यातील प्रथिने निम्मी असतात.

चरबीचे कामही महत्त्वाचे आहे. खाद्यात पुरेसे माशाचे तेल असेल तर मासा ऊर्जेसाठी चरबी वापरतो आणि महाग प्रथिने वाढीसाठी शिल्लक राहतात.

फक्त आकडा पाहू नका

प्रथिने अमिनो आम्लांपासून बनतात. त्यांपैकी दहा अमिनो आम्ले मासा स्वतः तयार करू शकत नाही, ती खाद्यातूनच मिळावी लागतात. लायसिन व मेथिओनिन ही त्यांतली महत्त्वाची. फिशमीलमध्ये ती चांगल्या प्रमाणात असतात. सोयाबीन पेंडीत मेथिओनिन कमी असते, तर शेंगदाणा पेंडीत लायसिन व मेथिओनिन दोन्ही कमी पडतात. एक जरी अमिनो आम्ल अपुरे असले तरी बाकीची प्रथिने वाढीसाठी पूर्ण वापरली जात नाहीत. मासा ती जाळून टाकतो आणि त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. म्हणजे पैसेही जातात आणि पाणीही बिघडते.

पिशवीवरील प्रथिनांचा आकडा खाद्यातील नायट्रोजन मोजून काढलेला असतो. त्यामुळे 100 किलो खाद्यात 1 किलो युरिया मिसळला तरी हा आकडा जवळपास 3 टक्क्यांनी वाढतो, पण माशाला त्याचा उपयोग होत नाही. सुटे, बिनलेबलचे खाद्य घेऊ नये. पिशवीवर प्रथिने, चरबी, तंतू, ओलावा, उत्पादनाची व वापराची अंतिम तारीख पाहावी.

कोंडा मिसळल्याने काय होते?

खाद्य पुरवठ्याला येण्यासाठी त्यात भाताचा कोंडा मिसळण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. हिशोब पाहा :

• 1 किलो खाद्य, 45 टक्के प्रथिने = 450 ग्रॅम प्रथिने
• 1 किलो कोंडा, सुमारे 12 टक्के प्रथिने = 120 ग्रॅम प्रथिने
• एकूण 2 किलो मिश्रणात 570 ग्रॅम, म्हणजे साधारण 28 टक्के

जिताड्याच्या पिलांना आता रोहूचे खाद्य मिळाले, असे समजावे. पिलाचे पोट भरते, पण ते वाढत नाही. शिवाय सगळी पिले सारखी मागे राहत नाहीत. जी दांडगी असतात ती खाद्य पळवून मोठी होतात आणि दुबळी लहानच राहतात. जिताडा आपल्याच जातीची लहान पिले खातो. एखादे पिलू मोठ्या पिलाच्या लांबीच्या साधारण दोन तृतीयांशापेक्षा लहान राहिले, तर ते गिळले जाऊ शकते. अशी मर पाण्यावर तरंगताना दिसत नाही. मोजणीच्या दिवशी संख्या कमी भरते, तेव्हाच ती लक्षात येते.

स्वस्त ओली मासळी द्यावी का?

बंदरावर मिळणारी तारली व इतर लहान मासळी कापून देण्याची पद्धत आहे. तिच्यातील प्रथिने चांगल्या दर्जाची असतात, परंतु :

• ओल्या मासळीत 70 ते 80 टक्के पाणी असते. 1 किलो कोरड्या खाद्यातील 450 ग्रॅम प्रथिने मिळण्यासाठी सुमारे अडीच ते तीन किलो मासळी लागते.
• तारलीसारख्या काही माशांत ब-1 जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. सतत तीच मासळी दिल्यास पिले अशक्त होतात.
• शिळी मासळी रोगजंतू आणते. उरलेले तुकडे जाळ्याला चिकटून कुजतात.
• पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात ती मिळत नाही.

मासळी द्यावीच लागली तर ती ताजी असावी, स्वच्छ धुऊन पिलांच्या तोंडात मावेल इतकी बारीक कापावी.

किती व किती वेळा द्यावे?

रोजचे खाद्य पिलांच्या एकूण वजनावरून ठरवावे. सर्वसाधारण प्रमाण असे :

• 1 ते 5 ग्रॅम : वजनाच्या 8 ते 10 टक्के, दिवसातून 4 ते 5 वेळा
• 5 ते 20 ग्रॅम : 6 ते 8 टक्के, 3 ते 4 वेळा
• 20 ते 50 ग्रॅम : 4 ते 5 टक्के, 3 वेळा

उदाहरण : सरासरी 20 ग्रॅमची 1000 पिले म्हणजे 20 किलो वजन. 5 टक्क्यांप्रमाणे रोज 1 किलो खाद्य, तीन वेळांत विभागून द्यावे.

• दाणा पिलाच्या तोंडात सहज मावेल एवढा असावा. जिताडा तळाचे खाद्य सहसा उचलत नाही, म्हणून तरंगणारे किंवा सावकाश बुडणारे खाद्य घ्यावे.
• दर 15 दिवसांनी 30 ते 50 पिले वजन करून खाद्याचे प्रमाण बदलावे.
• नर्सरीत आठवड्यातून किमान एकदा आकारानुसार पिले वेगळी करावीत.
• पिलांनी खाणे कमी केल्यास, पाणी गढूळ किंवा खवळलेले असल्यास खाद्य कमी करावे.
• खाद्य कोरड्या, सावलीच्या जागी, जमिनीपासून उंच ठेवावे. बुरशी आलेले खाद्य वापरू नये.

महाग खाद्य खरोखर महाग आहे का?

पिशवीचा दर पाहण्याऐवजी 1 किलो वाढीसाठी किती खाद्य लागले ते पाहावे. समजा, 130 रुपये किलोचे खाद्य 1.6 किलो लागले, तर खर्च 208 रुपये. 85 रुपये किलोचे खाद्य 2.8 किलो लागले, तर खर्च 238 रुपये. दर कमी असूनही दुसरे खाद्य महाग पडले. त्यात वाढीला लागलेले जास्तीचे दिवस आणि गमावलेली पिले धरलेली नाहीत. प्रत्येक लाभार्थ्याने रोज दिलेल्या खाद्याची नोंदवही ठेवावी व आपल्या दराने हा हिशोब करावा.

योजनेतून मदत

• प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतील वैयक्तिक लाभाच्या घटकांसाठी सर्वसाधारण प्रवर्गाला ठरलेल्या प्रकल्प खर्चाच्या 40 टक्के, तर महिला, अनुसूचित जाती व अनुसूचित जमातीच्या लाभार्थ्यांना 60 टक्क्यांपर्यंत साहाय्य मिळते.
• किसान क्रेडिट कार्डाची सुविधा 2018-19 पासून मत्स्यव्यवसायालाही लागू आहे. बीज, खाद्य अशा खेळत्या भांडवलासाठी हे कर्ज घेता येते. खाद्याचे पैसे मध्येच संपू नयेत म्हणून बीज सोडण्यापूर्वीच बँकेत अर्ज करावा.
• अर्ज व मार्गदर्शनासाठी आपल्या जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी संपर्क साधावा. प्रकल्प अहवालात नर्सरीच्या दोन महिन्यांचा खाद्यखर्च स्वतंत्र दाखवावा.

लक्षात ठेवा

पैशांची बचत करायचीच असेल तर ती वाया जाणारे खाद्य थांबवून करावी. पिलांच्या खाद्यातील प्रथिने कमी करून केलेली बचत काढणीच्या वेळी तोट्यात जाते.