दोन कोठ्या, एक धुराडं

बंगळुरूच्या चामराजपेटेत रोज पहाटे घरोघरी पोचणारी नंदिनी दुधाची पिशवी पॉलिथिनची असते. पॉलिथिन म्हणजे इथिलीनच्या रेणूंची लांबच लांब साखळी. पिकणाऱ्या केळ्यातूनही इथिलीन सुटतं, पण किंचित. कारखान्याला लागणारं इथिलीन मिळवायचं तर भट्टीच पेटवावी लागते. रायगड जिल्ह्यात नागोठण्याला इथेन आणि प्रोपेनपासून ते बनतं. त्यासाठी मुंबई हायच्या समुद्रातला वायू उरणमार्गे तिथे आणला गेला.

अशा भट्टीत वाफ मिसळलेला वायू नळ्यांतून धावतो, 800 ते 850 अंशांपर्यंत तापतो, त्याचे रेणू तुटतात आणि अर्ध्या सेकंदाच्या आत तो बाहेरही पडतो! पडताक्षणी त्याला थंड करावं लागतं, नाहीतर हाती आलेलं इथिलीनच पुढच्या अभिक्रियांत खर्ची पडतं.

आता खरी गंमत. नळ्यांना उष्णता मिळते ती मुख्यतः ज्वाळांच्या आणि तापलेल्या भिंतींच्या किरणांतून. नळ्यांच्या रांगा एकामागे एक लावल्या, तर एकीची सावली दुसरीवर पडते. नळी एका अंगानं जास्त तापते, तिथे आतून कोळशाचा थर धरतो, धातूचं आयुष्य घटतं. म्हणून रांग एकच, मधोमध टांगलेली, आणि दोन्ही बाजूंना बर्नर. भट्टीची कोठी त्यामुळे अरुंद आणि उंच. उत्पादन वाढवायचं म्हणून ती रुंद करून भागत नाही.

मग अभियंत्यांनी शेजारी दुसरी कोठी उभारली आणि दोघींचा धूर वर एकत्र आणला. एकाच वाड्यात दोन चुली, धुराडं एक! कोठीतल्या नळ्या जळणाची निम्म्याहून कमी उष्णता घेतात. उरलेल्या उष्णतेतली बरीचशी या सामाईक भागात वायू आधीच तापवायला आणि वाफ करायला वापरली जाते. धूर ओढणारा पंखा एक, चिमणी एक. जागा आणि पोलादही वाचतं.

मला सर्वांत भावते ती दोन कोठ्यांची स्वायत्तता. तशी रचना केली असेल, तर एकीत इथेन आणि दुसरीत नाफ्था तोडता येतो, कारण दोन्हींची आच वेगवेगळी राखता येते. कोळसा साचला की एका कोठीच्या नळ्यांत वाफ आणि हवा सोडून तो जाळून काढायचा. तोवर दुसरी काम करत राहते. वायू वेगळे करणाऱ्या पुढच्या मनोऱ्यांना वायूचा ओघ एकदम घटलेला सोसत नाही, त्यामुळे ही सोय फार मोलाची. अर्थात सामाईक पंखाच बंद पडला, तर दोन्ही कोठ्यांची आच एकदमच उतरवावी लागते.