अंदाज आशेवर नको, नोंदीवर हवा

लेखमाला : वेळ आणि मन | लेखांक ४

मागच्या लेखांकात कामांची यादी कशी करावी ते पाहिले. यादी नेटकी असते, तरीही मुदत जवळ आली की जीव टांगणीला लागतो. असे का होते, ते आज पाहू.

त्यासाठी सीएच्या ऑफिसचे उदाहरण घेऊ. तिथल्या मुदती अचानक उगवत नाहीत. टॅक्स ऑडिटचा अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत भरायचा, हे एप्रिलपासून सगळ्यांना ठाऊक असते. तरीही सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आर्टिकलशिपची मुले रात्री उशिरापर्यंत बसलेली असतात, पक्षकारांचे फोन थांबत नाहीत आणि सगळे एकदमच आल्यामुळे पोर्टल रेंगाळते. ही माणसे आळशी असतात असे मुळीच नाही. काम किती वेळ खाईल, याचा अंदाजच सुरुवातीला कमी धरलेला असतो.

डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीला नाव दिले. मराठीत त्याला ‘नियोजनाचा भ्रम’ म्हणता येईल. कानमन यांनी स्वतःचाच अनुभव पुढे लिहून ठेवला आहे. इस्रायलमधल्या शाळांसाठी निर्णयशास्त्राचे पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या गटात ते होते. एकदा त्यांनी प्रत्येकाला पुस्तक पूर्ण व्हायला किती काळ लागेल ते कागदावर लिहायला सांगितले. सगळ्यांची उत्तरे दीड ते अडीच वर्षांच्या आत होती. मग गटातल्या अनुभवी अभ्यासक्रमतज्ज्ञाला त्यांनी विचारले, ‘अशा कामाला इतर गटांना किती काळ लागला?’ तो जरा थांबला. जवळपास चाळीस टक्के गटांचे काम कधी पुरेच झाले नाही आणि ज्यांचे झाले त्यांना सात ते दहा वर्षे लागली, असे त्याने सांगितले. ही माहिती त्याच्या डोक्यात आधीपासून होती, पण स्वतःच्या चिठ्ठीवर आकडा लिहिताना ती त्याला आठवली नाही. त्या पुस्तकाला शेवटी आठ वर्षे लागली.

विद्यार्थ्यांचेही तसेच. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत संपेल ते विचारले होते. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. ‘सगळेच बिनसले तर?’ या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तरही सुमारे ४९ दिवसांचेच होते. म्हणजे वाईटात वाईट धरूनही अंदाज अपुरा पडला.

कारण साधे आहे. अंदाज करताना आपण फक्त हातातले काम डोळ्यांसमोर आणतो, आणि तेही सुरळीत पार पडलेले. आजूबाजूची कामे त्या चित्रात येत नाहीत. सप्टेंबरचेच कॅलेंडर पाहा : ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला ॲडव्हान्स टॅक्सचा हप्ता, २० ला जीएसटीआर-३बी. त्यात गणपतीच्या सुट्ट्या. त्यात कुणा पक्षकाराचे बँक स्टेटमेंट अपुरे, तर कुणाच्या स्टॉकच्या आकड्यांचा मेळ बसत नाही. यातली कोणती अडचण कोणत्या फाइलीत येईल ते सांगता येत नाही; पण काही ना काही येणार, हे नक्की.

म्हणून ‘या वेळी किती दिवस लागतील?’ असे न विचारता ‘गेल्या वेळी किती लागले होते?’ असे विचारावे. समजा, दोघांकडे मिळून वीस ऑडिट फाइली आहेत. फाइलीला दोन दिवस धरले तर दोघांचे वीस दिवसांत आटोपते आणि १ सप्टेंबरला सुरुवात केली तरी चालेल असे वाटते. गेल्या वर्षीची नोंद मात्र फाइलीमागे तीन दिवस सांगते. मग कामाचे तीस दिवस झाले, म्हणजे आठवड्याला सहा दिवस धरून पाच आठवडे. जीएसटीच्या तारखा आणि सुट्ट्या मिळून आणखी एक आठवडा. पोर्टलच्या गर्दीतून सुटायला २४ सप्टेंबर ही आपली मुदत ठरवली, तर सुरुवात ऑगस्टच्या मध्यालाच करायला हवी. पक्षकारांकडून कागद त्याआधी, जुलैतच मागवायला हवेत. काही वर्षी सरकार मुदतवाढ देते. पण ती मिळेल असे धरून आखणी करणे म्हणजे पुन्हा आशेवरच विसंबणे.

मनाच्या शांततेचा याच्याशी थेट संबंध आहे. अर्धवट कामे डोक्यात घोळत राहतात, हा सगळ्यांचा अनुभव. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये दाखवले की, अपुऱ्या कामाची कधी, कुठे, काय करायचे अशी नेमकी आखणी केली, तर काम पूर्ण होण्याआधीच त्याचा मनाला लागलेला घोर कमी होतो. ‘ऑडिट संपवायचे आहे’ एवढ्याने तो जात नाही. ‘उद्या सकाळी दहाला पहिल्या फाइलीचा बँक ताळमेळ’ असे लिहिले की मन मोकळे होते.

आणि मुदत अगदी अंगावर आलीच असेल तर? पाच मिनिटे हात थांबवा. श्वास सावकाश सोडा. त्याने छातीतली धडधड उतरते. उरलेले प्रत्येक काम लिहा. जे वेळेत होणार नाही, ते संबंधित माणसाला आजच कळवा. आज सांगितले तर त्याला दुसरी सोय करता येते. शेवटच्या रात्री सांगितले तर दोघांच्याही हाती काही उरत नाही. झोप मात्र मोडू नका, कारण थकल्या डोळ्यांनी टाकलेल्या आकड्यांतल्या चुका दुसऱ्या दिवसाचे तास खातात.

या आठवड्याचा गृहपाठ : एका वहीत तीन रकाने आखा – काम, अंदाजाचा वेळ, लागलेला वेळ. रोजची तीनच कामे नोंदवा, पण अंदाज काम सुरू करण्याआधी लिहा. आठवड्याच्या शेवटी दोन्ही बेरजांची तुलना करा. अंदाजाच्या दीडपट वेळ लागत असेल, तर पुढची तारीख कबूल करताना तोच हिशेब धरा.

पुढील लेखांकात : कामात येणारे व्यत्यय आणि फोनची ठरलेली वेळ.