धारेसाठी कागद

कोरीवकामाच्या पटाशीला धार लावण्यासाठी दगडाऐवजी वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवूनही न फाटणारा पॉलिश पेपर, वापरता येतो. त्यावरील सिलिकॉन कार्बाइडचे कण पोलादाहून कितीतरी कठीण असून, युरोपीय मानकातील पी-४०० कागदावर ते सरासरी ३५ मायक्रॉनचे, तर पी-२००० वर १० मायक्रॉनचे असतात. दगड झिजून मध्यभागी खोलगट होतो, कागद मात्र जाड काचेवर चिकटवल्यास सपाट राहतो, आणि गोल पटाशीच्या आतल्या बाजूसाठी तो लाकडी दांडीला गुंडाळता येतो, हा त्याचा सर्वांत मोठा गुण होय. धार मागे राहील अशा रीतीनेच पाते ओढावे, कारण उलट ढकलल्यास कागद कापला जातो; शेवटी कडेवर उरलेला धातूचा सूक्ष्म पापुद्रा चामड्याच्या पट्ट्यावर घासून काढावा. सागवानात सिलिका असल्याने त्यावर धार लवकर बोथट होते, आणि कागदही लवकर झिजतो, त्यामुळे रोजच्या सरळ पटाश्यांसाठी दगडच परवडतो. मुळशीसारख्या अतिपावसाच्या तालुक्यात दमट हवेने ओल्या पात्याला लगेच गंज चढतो. म्हणून पावसाळ्यात काम संपताच पाते कोरडे पुसून त्यावर तेलाचा हात फिरवावा.